रविवारची बैठक – पोलर म्युझिक प्राइझ

मंडळी, आठवण करून देतोय, रविवारी संध्याकाळी ६ ला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या नेहमीच्या हॉलवरच बैठक आहे. विषय स्वीडनचं पोलर म्युझिक प्राइझ, जे आब्बा या पॉप बँडचे मॅनेजर स्टिग अँडरसन यांनी १९८९ मध्ये देणगी देऊन सुरू केलं आणि १९९२ पासून दिलं जातंय. गंमत म्हणजे शास्त्रीय आणि पॉपवाले एकाच स्टेजवर, १९९८ ला पं. रविशंकर आणि अमेरिकन गायक रे चार्ल्स! म्हणून आधी पंडितजींची सतार, मग थोडं रे चार्ल्स. ग्वाल्हेरात ख्याल गायकी सोडून हे काय, असं म्हणून नाकं मुरडू नका, ऐका तर. स्पीकर कोण आणतंय ते आजच ग्रुपवर टाका, हॉलचा फार खरखरतो.