महेशच्या अर्टिगाबद्दल

फिनिक्स, अ‍ॅरिझोना

ती. काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

महेश कर्ज काढून टॅक्सीसाठी अर्टिगा घ्यायची म्हणतोय, आणि परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गाड्या आपल्याआप पळायला लागल्या तर महेशचे हप्ते कोण भरणार?" मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न रास्त आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

इथे त्या गाड्या खरंच धावतात. वेमो कंपनीने ऑक्टोबर 2020 पासून ड्रायव्हर नसलेली टॅक्सी सगळ्यांसाठी खुली केली. मीही बसतो. मोबाइलवरून बोलवायची, मागे बसायचं. पुढची सीट रिकामी आणि स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय. सुरुवातीला पोटात गोळा येतो, नंतर सवय होते. चालवते मात्र फारच सभ्यपणे. तुम्ही बसलात तर "हाण की जरा" म्हणाल.

टपावर लेझर किरण सोडणारं यंत्र असतं, शिवाय चहूबाजूंनी कॅमेरे आणि रडार. त्या भागाचा बारीक नकाशा आधीच गाडीत भरलेला असतो: पट्टे कुठे, सिग्नल कुठे, फुटपाथची कड कुठे. अडलीच तर दूर बसलेल्या माणसाला विचारते. आखून दिलेली हद्द ती ओलांडत नाही. फिनिक्समध्ये हे का जमलं ते इथे राहिल्यावर कळतं. पाऊस नावालाच, रस्ते रुंद आणि सरळसोट, पायी चालणारे क्वचित. ऊन तेवढं आपल्या सोलापूरच्याही वरताण!

आता खरी गोष्ट ऐका. डिसेंबर 2023 मध्ये इथेच एक टो ट्रक एका पिकअपला उलट्या तोंडाने, तिरकी ओढत नेत होता. वेमोची गाडी येऊन त्या पिकअपला धडकली, आणि काही मिनिटांत दुसरी वेमोही त्याच पिकअपला धडकली. कुणाला लागलं नाही. पण उलटी तोंड केलेली पिकअप पुढे कशी सरकेल, याचा अंदाज कॉम्प्युटरला चुकला. कंपनीला सगळ्या गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. हे वाचलं आणि मला मोहोळचा रस्ता आठवला. गाळप हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. तुम्ही अंधारात नुसत्या आवाजावरून ओळखता.

त्याआधी, मार्च 2018 मध्ये, शेजारच्या टेंपीत उबरच्या चाचणीच्या गाडीखाली रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी एक बाई गेली. ही सायकल आहे, गाडी आहे की आणखी काही, याबद्दल यंत्राचं मत क्षणाक्षणाला बदलत राहिलं. लक्ष ठेवायला बसवलेला माणूस मोबाइलकडे बघत होता. मग आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर, किंवा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघाली असताना, ते यंत्र काय करेल? बहुधा जागच्या जागी थांबेल, आणि मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमतील.

पण काका, यंत्राला नुसतं हसूनही चालणार नाही. 2022 मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर 1.68 लाख माणसं मेली. यंत्राला झोप येत नाही, ते पीत नाही. तिरुपतीहून रात्रभर गाडी हाकत परत येताना तुम्ही डोळ्यांवर पाणी मारायचात, ते काकू अजून विसरलेली नाही.

गडकरींनी 2017 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्येही सांगितलं, की ड्रायव्हरांच्या पोटावर पाय देणाऱ्या या गाड्या भारतात येऊ देणार नाही. मंत्र्याच्या शब्दापेक्षा माझा भरवसा आपल्या रस्त्यावर जास्त आहे. गाड्या आल्याच तर आधी मोठ्या शहरांतल्या एखाद्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या आवारात येतील. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूरच्या फेऱ्यांना नाही. आणि पहाटे चारला दारात येऊन आजीला हात धरून गाडीत बसवणारा ड्रायव्हर लोकांना लागणारच.

थोडं थोडं मात्र येतंय. पुढे काही आडवं आलं की आपोआप ब्रेक लावणाऱ्या, पट्टा सुटला की इशारा देणाऱ्या गाड्या तिकडेही विकत मिळतात. त्याला महेशने नाक मुरडू नये.

तेव्हा गाडी घेऊ द्या. कर्ज पाच वर्षांपेक्षा लांबवू नका, आणि डाऊन पेमेंटमध्ये मी हातभार लावतो. दोन-तीन बँकांचे व्याजदर त्याला लिहून पाठवायला सांगा. शोरूमवाला इन्शुरन्स गळ्यात मारेल, तो बाहेरून काढलेला बरा.

काकूंना नमस्कार, महेशला आशीर्वाद.

तुमचा,
संजू