दुपारी बसायला जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरी गेलेल्या माणसाने वेळ कसा सत्कारणी लावावा, यावरचे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. पहाटे उठा, कॉम्प्युटरचा कोर्स करा, इंग्रजी सुधारा. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग-पॅकिंग सांभाळलेल्या 44 वर्षांच्या माणसाने भर दुपारी जायचं कुठे, हे त्यात कधी सापडलं नाही. उन्हाळा तोंडावर आलाय, म्हणून हे पत्र.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. आमचा बराचसा माल तिकडेच जायचा. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग रात्रपाळी, आणि दिवाळीनंतर काही जणांचा हिशेब करून दिला. त्यात मी. मालकाबद्दल तक्रार नाही, गोडाऊनमध्ये बांधून पडलेले गठ्ठे मीच मोजले होते.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. त्यांची नोकरी गेली ती हजारोंबरोबर गेली. गल्लीतले निम्मे पुरुष एकदमच घरी. सकाळी चहाच्या गाड्यावर, दुपारी मारुतीच्या देवळात, संध्याकाळी थकबाकीच्या मिटिंगला. घरात पैसा नव्हता, आईने कानातलं मोडलेलं मला आठवतं. पण ‘तुम्ही घरी कसे?’ असं वडिलांना कुणी विचारलं नाही, कारण विचारणाराही घरीच होता. आता तसं नाही. एकेकाची नोकरी जाते. शेजारी डबा घेऊन निघतो आणि आपण गॅलरीत उभे राहून त्याला हात करतो.

मित्रांचे फोन हळूहळू कमी होतात. त्यात वाकडं काही नसतं. कामाचं विचारलं तर याला लागेल, नाही विचारलं तर बोलायचं काय, या पेचात तो बिचारा फोनच करत नाही. लग्नकार्यात भेटला तर घाईघाईने ‘होईल की सगळं नीट’ म्हणून जेवणाच्या पंगतीकडे वळतो. नको असलेला हा समंजसपणा फार छळतो. त्यापेक्षा सरळ ‘चल, चहा पाज’ म्हटलं तर बरं वाटेल. खिशात तेवढे असतात.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, जावं की नाही, हाच विचार करत होतो. होम मैदानावर अर्धं सोलापूर भेटतं आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, ‘काय चाललंय सध्या?’ मुलीने हट्ट धरला म्हणून गेलो. पाळण्याच्या रांगेत पाठीवर थाप पडली. ‘का बे, हैस कुठं तू?’ शाळेतला सोबती. पूर्वी मागांची देखभाल करणारा जॉबर होता, आता रिक्षा चालवतो. अशोक चौकातली भाड्याची खोली सोडून शहराबाहेर कुंभारीला कामगारांसाठी बांधलेल्या रे नगरात राहायला गेलाय. तिथल्या 15 हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला दिल्या गेल्या, त्यातलं एक त्याचं. घर स्वतःचं झालं हे उत्तमच, पण पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून अशी किती माणसं उठून गेली आणि मागे राहिलेल्यांना त्याचा पत्ताही नाही. तेलुगू, कन्नड, दखनी अशा भाषा घरोघरी बोलणारी आणि रस्त्यावर मराठीत भांडणारी आमची टोळी होती. एक भिवंडीला गेला, एक चाकणला. इथे उरलेले एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरवर असून वर्षानुवर्षं भेटलेले नव्हते.

त्या रात्री त्याने बाकीच्यांना फोन लावले आणि आम्ही चौघे भेटायला लागलो. पहिल्या बैठकीत मास्तरांच्या छड्या, कोण कुणाचा डबा खायचा, हेच. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खरं बोलणं निघालं. आमच्यातल्या एकाचं काम लॉकडाऊनमध्ये गेलं होतं. त्याने विचारलं, ‘तुझा ईएसआयसी कापत होते ना? मग बेकारी भत्त्याचा अर्ज केलास का?’ ईएसआयसी म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, पगारातून पैसे कापले जातात आणि आजारी पडलं तर दवाखाना मिळतो, एवढीच माझी माहिती. भत्त्याची ही अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये सुरू झाली. काम गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. विमा ठरावीक काळापासूनचा हवा. गैरवर्तनासाठी काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला मिळत नाही. योजना सध्या चालू आहे का आणि बाकीच्या अटी काय, ते ईएसआयसीच्या कार्यालयात विचारावं. माझ्यासारखे या शहरात अनेक असतील म्हणून मुद्दाम लिहितो. कारखान्यात याचा कागद कधी लागलेला पाहिला नाही. मला कळलं ते मित्राकडून, चहा पिताना.

आता मुद्द्याचं. भेटायचं कुठे? सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसता येतं, अकरानंतर दगड तापतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर नावच नको. चहाच्या टपरीवर एका कटिंगवर किती वेळ बसणार? टपरीवाला बोलत नाही, पण आमच्यासमोरचं बाकडं दोनदा पुसतो. वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळपासून डबा घेऊन बसलेली असतात. तिथे आम्ही कुजबुजलो तरी त्यांचा अभ्यास मोडतो, त्यांनी हटकलं ते बरोबरच केलं. आणि घर? दीड खोली. पुढच्या खोलीत बायको आणि शेजारणी विड्या वळत बसतात. पानं कातरतात, जर्दा भरतात, दोरा गुंडाळतात, आणि हात चालू असताना तोंडही चालू. सुना, भिशी, कुणाच्या पोरीचं स्थळ. त्यांना कुणी ‘वेळ कसा घालवता’ विचारायची गरज नाही. मी मध्ये जाऊन बसलो की सगळ्या गप्प होतात. मग बायकोच म्हणते, ‘जावा की जरा बाहेर.’ एप्रिल-मेमध्ये बाहेर 42 डिग्री असेल.

आमच्या भागात एक समाजमंदिर आहे. पत्रे चांगले, फरशी चांगली, दाराला मोठं कुलूप. बारसं, साखरपुडा आणि निवडणूक सोडली तर उघडत नाही. अशी समाजमंदिरं इतर पेठांतही असतील. दुपारी बारा ते पाच ती उघडी ठेवावीत, एवढीच मागणी आहे. दोन पंखे, एक माठ, दोन वर्तमानपत्रं. कॅरम नको, त्यावरून भांडणं होतात. नोकरी गेलेले, निवृत्त झालेले, पाळी संपवून आलेले, कुणीही येऊन बसेल. कुणाला कुठे जागा निघाली हे तिथे मोबाईलपेक्षा लवकर कळेल, कारण चेकर हवा, फिटर हवा, ड्रायव्हर हवा ही माहिती आपल्याकडे अजून तोंडीच फिरते. माझ्या मित्राला रिक्षाचं काम तसंच मिळालं.

खर्चाचं कारण पुढे येईल, म्हणून आधीच सांगतो. किल्ली सांभाळणं, झाडलोट, माठ भरणं आम्ही चौघे करू. त्यातल्या एकाला चाकणहून बोलावणं येण्याची शक्यता आहे, तसं झालं तर तिघे. मात्र नळाला पाणी यायच्या दिवशी आमच्यापैकी कुणी येणार नाही. त्या दिवशी घरी आमची फार गरज असते.

आपला,
एक टॉवेल चेकर,
पूर्व भाग, सोलापूर