ग्रंथपाल बाईंना, खोट्या अर्थांच्या खेळाबद्दल

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, वाचनालयाच्या इमारतीपासून पुस्तकांच्या संगणकीकरणापर्यंत सगळ्याचा उल्लेख झाला. मे महिन्याच्या सुट्टीत संदर्भ विभागात भरणाऱ्या आमच्या खेळाबद्दल मात्र कुणी बोललं नाही. कसं बोलणार? तो कुठल्या अहवालात नव्हताच. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड.

ज्यांनी तो खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. एकाने कोशातून कुणालाही ठाऊक नसेल असा शब्द शोधायचा. बाकीच्यांनी त्याचा खरा वाटेल असा खोटा अर्थ चिठ्ठीवर लिहायचा. शब्द काढणारा खरा अर्थही तशाच चिठ्ठीवर उतरवतो, सगळ्या चिठ्ठ्या मिसळतो आणि एका सुरात वाचून दाखवतो. मग मतं. खरा अर्थ ओळखला तर दोन गुण, आणि आपल्या थापेला जितके जण फसतील तितके गुण वेगळे. इंग्रजी घरांतून हा खेळ 'डिक्शनरी' किंवा 'फिक्शनरी' म्हणून जुना आहे. 1984 मध्ये कॅनडात 'बॉल्डरडॅश' या नावाने त्याचा खोका बाजारात आला, तो पुढे जगभर खपला.

आमच्या घरात तोच खोका होता. मुलं खेळायला बसायची आणि थोड्या वेळाने कंटाळून उठायची. ते इंग्रजी शब्द त्यांच्या कानाला कुठूनच ओळखीचे नव्हते, त्यामुळे थाप मारायलाही धागा सापडत नव्हता. एखादा सोपा इंग्रजी शब्दकोश सुचवाल म्हणून मी तो खोका घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही नियमांचा कागद शांतपणे वाचलात, उठलात आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश टेबलावर आणून ठेवलात. 1932 ते 1938 या काळात निघालेले सात खंड आणि 1950 ची पुरवणी. "हे घरी देता येत नाहीत. मुलांना इथे घेऊन या," म्हणालात.

पहिल्या दुपारी तुम्ही मुलांना शब्द शोधूच दिले नाहीत. आधी कोशाच्या सुरुवातीचे संक्षेप वाचायला लावलेत. पु., स्त्री., न. म्हणजे काय, (कों.) म्हणजे कोकणातला, (व.) म्हणजे वऱ्हाडातला, (गो.) गोव्याकडचा, (बे.) बेळगावकडचा, आणि (ल.) आला की लाक्षणिक अर्थ सुरू झाला. मुलं चुळबुळत होती. मलाही वाटलं, सुट्टीत हे कशाला? मग तुम्ही सांगितलंत की ज्याची चिठ्ठी कोशासारखी दिसणार नाही, त्याची थाप पहिल्या ओळीतच पकडली जाईल. त्यानंतर कुणी चुळबुळलं नाही.

बाई, खरे आभार मला या गोष्टीचे मानायचे आहेत. थाप कशी रचायची हे शिकवता शिकवता तुम्ही मुलांना कोश वाचायला शिकवलंत. आमच्या वेळी शाळेत लिंग ओळखा, वचन बदला असे तक्ते पाठ करून घ्यायचे. इथे मुलं आपसांत वाद घालत होती की ओगराळे, रुमणे, घुंगुरटे असे एकारान्त शब्द नपुंसकलिंगी असणार, तेव्हा चिठ्ठीवर 'पु.' लिहिलं तर पकडले जाऊ. मग कुणीतरी विचारायचं, ईकारान्त सगळे स्त्रीलिंगी का? त्यावर दुसरा हत्ती, मोती, पाणी, लोणी असे अपवाद काढून दाखवायचा. व्याकरणावर इतक्या जोरात भांडणारी मुलं मी त्याआधी पाहिली नव्हती.

'ठाणवई'चा डाव तुम्हाला आठवत असेल. शब्द वाचला गेला आणि सगळे डोकं खाजवायला लागले. त्यातल्या त्यात शांत असणाऱ्या मुलाने लिहिलं होतं: 'ठाणवई, स्त्री. गावात मुक्कामाला आलेल्या परक्या माणसांची नावे लिहून ठेवण्याची पाटलाची वही.' ठाण आलं, वही आली, पाटील आला, शिवाय 'लिहून ठेवण्याची' ही कोशातली वळणदार वाक्यरचना आली. जवळजवळ सगळी मतं त्यालाच पडली, माझंही. खरी ठाणवई म्हणजे दिवा ठेवायची उंच बैठक. तुम्ही ती चिठ्ठी पुन्हा एकदा मोठ्याने वाचलीत आणि ती का पटली हे शब्द सुटा करून दाखवलंत. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो.

'घुंगुरट्या'च्या वेळी उलटं झालं. सगळ्यांनी घुंगरांचाच अर्थ लावला. कुणी बैलाच्या गळ्यातलं लिहिलं, कुणी बाळाच्या वाळ्यातलं. खरं घुंगुरटं म्हणजे चिलटासारखा बारीक किडा, पावसाळ्यात डोळ्यांपुढे घोंघावणारा. तेव्हा तुम्ही म्हणालात, शब्दाचा आवाज जिकडे बोट दाखवतो तिकडे सगळेच धावतात, म्हणून चांगल्या थापेने दुसरीकडे जावं. आणि जाताना एखादं काम, एखादी वस्तू, एखादी जागा नेमकी सांगावी, कारण जुने शब्द बहुतेक कुणाच्या तरी हातातल्या कामाचे असतात.

हे दुसरं वाक्य 'तिवडा' शब्दाला पुरेपूर लागू पडलं. तीन वडांची जागा, तीन पदरी दोर, तापात जिभेवर येणारा थर अशा चिठ्ठ्या आल्या. खरा अर्थ: मळणीच्या वेळी खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याच्याभोवती बैल फिरतात. तो अर्थ कुणालाच खरा वाटला नाही. खळं पाहिलेलं एकही मूल टेबलाशी नव्हतं. एक मुलगी घरी गेली आणि तिने आजोबांना विचारलं. दुसऱ्या दिवशी आजोबाच आले. वहीच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी खळं काढलं, मधे खांब, त्याला जोडलेल्या बैलांची पात. आमच्याकडे याला मेढ म्हणतात, म्हणाले. तुम्ही लगेच कोशात 'मेढ' उघडून त्यांच्यासमोर ठेवलंत. पुढचा तासभर खेळ बाजूला राहिला. नांगराचं रुमणं, म्हणजे मूठ, कुठे धरायचं, पेरणीच्या पाभरीच्या चाड्यात बी कसं सोडायचं, मोटेचा नाडा कुठला आणि सोंदूर कुठला, सगळं त्यांनी हाताने करून दाखवलं. कोशात ओळ दोन ओळींत मावलेलं मुलांच्या डोळ्यांसमोर हालायला लागलं.

त्यानंतर आज्याही यायला लागल्या आणि खेळाची पंचाईत झाली, कारण त्यांना पुष्कळ शब्द येत होते. त्यावर तुम्ही काढलेला नियम मला फार आवडतो. ज्याला शब्द माहीत असेल त्याने तो तुमच्या कानात सांगायचा आणि त्या डावात चिठ्ठ्या वाचायचा मान त्याचा. 'ओगराळे' आलं तेव्हा आज्यांची रांगच लागली होती! आमटी वाढायच्या त्या खोलगट पळीसाठी. मापांच्या शब्दांना तर त्या हसायच्याच. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, हे त्यांनी बोटांवर मोजून दिलं आणि मुलांनी त्यावरून गणितं घातली.

एका मुलाने विचारलं होतं, कोशात छापलेलं कधी खोटं असतं का? तुम्ही त्याला टाळलं नाहीत. 1934 च्या वेबस्टर कोशातल्या 'डॉर्ड'ची हकिकत सांगितलीत. घनतेसाठी इंग्रजी 'डी' अक्षराचं मोठं किंवा लहान रूप संक्षेप म्हणून वापरतात, एवढीच नोंद एका चिठ्ठीवर होती. 'डी ऑर डी' अशी ती नोंद सलग शब्द समजून वाचली गेली आणि घनता या अर्थाचा 'डॉर्ड' कोशात छापला गेला. 1939 मध्ये संपादकांच्या ते ध्यानात आलं. तेव्हापासून मुलं शब्द निघाला की मोल्सवर्थही उघडायला सांगतात. 1831 मध्ये पहिल्यांदा निघालेला आणि 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या घरात शब्द असलेला तो मराठी-इंग्रजी कोश. दोन्हीकडे अर्थ जुळला की मगच त्यांचं समाधान होतं. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, हेही तुम्हीच दाखवलंत, त्यामुळे मस्कतला गेलेली आमच्यातली एक मुलगी तिकडून व्हिडिओवर बसून खेळते.

अजून एका गोष्टीचा उल्लेख करायलाच हवा. जुन्या कोशात माणसांना, जातींना हिणवणारे शब्दही आहेत, अगदी साध्या नोंदीच्या शेजारी. मुलं पान उघडण्याआधी तुम्ही ते पान चाळायचात. लहानांच्या हाती तसा शब्द लागू दिला नाहीत. मोठ्या मुलांनी विचारलं तेव्हा हा शब्द कोण कुणाला का म्हणत असे हे स्पष्ट सांगितलंत आणि हा खेळायचा शब्द नाही असं म्हणून पुढे गेलात. आम्हा पालकांपैकी कुणाला ते इतक्या नीट सांगता आलं नसतं.

नव्या ग्रंथपालांशी बोलले आहे. येत्या मे महिन्यातही दुपारी चार ते सहा संदर्भ विभाग मिळणार आहे आणि खंड टेबलावर मांडून ठेवायलाही त्यांची हरकत नाही. मुलांचं म्हणणं आहे की सलामीचा शब्द बाईंनीच काढायचा. तेव्हा निवृत्तीचं कारण चालणार नाही. तुमच्या सोयीचा वार कळवा, बाकी सगळ्यांना निरोप मी देते. शब्द कुठला ते मात्र मला आधी सांगू नका, या वेळी मीही चिठ्ठी लिहिणार आहे.

आपली,
ठाणवईला मत दिलेली एक आई