मेटल कव्हरचे पैसे नक्की कशाचे?

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत महागड्या मेटल मोबाईल कव्हरवर आलेलं वाचलं. हातात घेतल्यावर कसं रिच वाटतं, कडा किती चकाचक वगैरे सगळं आलं, पण त्याचे तीन-चार हजार कशासाठी मोजायचे ते काही कळलं नाही. मी भोसरीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कोरायचं मशीन) ॲल्युमिनियमचेच जॉब, म्हणजे सुटे भाग, काढतो म्हणून दोन शब्द लिहितोय.

अशा कव्हरच्या बॉक्सवरच्या 'एअरोस्पेस ग्रेड' या शब्दाला काही अर्थ नाही हो. 6061 नंबरचं ॲल्युमिनियमचं ॲलॉय (मिश्रधातू) विमानाला लागतं तसं सायकलच्या फ्रेमलाही लागतं, 7075 त्याच्यापेक्षा बरंच दणकट आणि महाग, तेव्हा बॉक्सवर नंबर आहे का बघा, नसेल तर ते नुसतं ॲल्युमिनियम समजायचं. अख्ख्या ठोकळ्यातून कोरून काढलेलं कव्हर असेल तर निम्म्याहून जास्त माल चिप्स होऊन भंगारात जातो, वर मशीनचा टाइम, मग ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने वर कडक, रंगीत थर चढवणं), त्यामुळे तिथे पैसे लागतात हे मला मान्य आहे. डायकास्टिंगचं, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून ओतलेलं, स्वस्तात पडतं, पण त्यात सिलिकॉन जास्त असल्याने ॲनोडायझिंगचा रंग एकसारखा येत नाही म्हणून बहुतेक वेळा पेंट मारून मोकळे होतात. ओळखायचं कसं, तर बाहेरून बघूच नका, आतून बघा. बटणांच्या खाचेत, चार्जिंगच्या भोकात नख फिरवा, बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) लागली की समजा फिनिशिंगला वेळच दिलेला नाही. आतून मऊ अस्तर नसेल तर बारीक रेती अडकून फोनलाच चरे पडणार, ते वेगळंच.

आता खरी गोम. मेटल बॉडीच्या फोनवर ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिसतात त्या अँटेनासाठी ठेवलेल्या असतात, आणि आपण त्यावरच परत धातू चढवतो! दुकानात टॉवरच्या काड्या बघून काही कळत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसला डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा मिळतो, कव्हर काढून आणि घालून एकाच जागी दोन्ही बघा. उणे 95 चा उणे 105 झाला, म्हणजे दहाने पडला, तर या मापात सिग्नल दहा टक्केच उरला, मग फोन जोर लावत बसतो आणि बॅटरी उतरते. पाठ पूर्ण धातूची असेल तर वायरलेस चार्जिंग विसरा, पत्राच तापतो. नुसती धातूची फ्रेम असेल तर पाठीचा हा त्रास नाही, पण सिग्नल तरीही तपासाच.

आणि पडल्यावर? धातू कडक, आत रबर नसेल तर दणका सरळ फोनला बसतो आणि कोपरा चेपला की तो चेपलेलाच राहतो. 'मिलिटरी ग्रेड'चा शिक्का बघून लोक भुलतात, पण अमेरिकन लष्कर असं सर्टिफिकेट कुणाला देत नाही, कव्हरवाली कंपनीच टेस्ट करते किंवा करून घेते.

कारागिरी आवडते म्हणून घेणाऱ्याने खुशाल घ्यावं, मलाही चांगलं मशीनिंग बघायला आवडतं. फोन वाचवायचा असेल तर दोनशे-तीनशेचं टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक) कव्हर बास. पुढच्या वेळी रिव्ह्यू छापताना तेवढे डीबीएमचे दोन आकडे आणि ॲलॉयचा नंबर छापाल का?

एक वाचक, भोसरी