काका, तुम्ही आधी बाबांचं अक्षर सोडवलंत

सप्रेम नमस्कार काका,

नाव घ्यायचं नाही असं तुम्ही दारातच बजावलंत, म्हणून घेत नाही. भिजलेली टपाल तिकिटं सोडवून देणारे साताऱ्याचे काका, एवढंच लिहिते. पण गप्प बसा म्हणालात तर ते माझ्याच्यानं होणार नाही. गेल्या रविवारी एस.टी.त साताऱ्यापासून सांगलीपर्यंत बाबांच्या तिकिटांच्या अल्बमची पिशवी मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या आजींनी दोनदा विचारलं, काय आहे गं एवढं, वर ठेव की. ठेवली नाही. तेव्हापासून रोज रात्री जेवणं उरकली की टेबल पुसते, हात धुऊन कोरडे करते आणि ती पानं उघडते. सहा वर्षांनी उघडतायत ती.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं मागचं सांगते. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. इरोड, निजामाबाद, दिल्ली, कलकत्ता, कुठकुठल्या व्यापाऱ्यांची पत्रं दुकानात यायची. मजकूर वहीत उतरला की पाकिटं टोपलीत. संध्याकाळी दुकान आवरताना बाबा ती टोपली उपसायचे आणि तिकिटाचा कोपरा कात्रीनं कापून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. पगार बेताचा. छंदासाठी वेगळा पैसा त्यांनी कधी काढला नाही, काढताही आला नसता. घरी आल्यावर कोमट पाण्याची ताटली, मग वर्तमानपत्रावर तिकिटं पालथी वाळत घालायची, मग जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवायची. आमच्या घरात रविवार म्हणजे हे.

आणि प्रत्येक तिकिटाखाली एक चिठ्ठी. बोटाएवढी, पेन्सिलीनं लिहिलेली, खळीनं चिकटवलेली. शाई पाण्यानं फुटते, पेन्सिल फुटत नाही, असं ते म्हणायचे. कृष्णेच्या काठी जन्म गेलेला माणूस, पाण्याचा विचार आधी करायचा.

२००५ चा पूर ओसरल्यावर बाबांनी आमच्या गावभागातल्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेच्या हातभर वर त्यांनी फळी ठोकली. अल्बम, नाण्यांचा डबा आणि घराची कागदपत्रं त्या फळीवर. आता नदी काही करू शकत नाही, म्हणाले. २०१७ साली बाबा गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. आम्ही विश्रामबागला मावशीकडे होतो. परत येऊन दार ढकललं तर ढकलवेना, आत गुडघाभर गाळ. फळी जागेवर होती आणि फळीवरचा अल्बम फुगून विटेसारखा झाला होता. घाबरून मी तो गच्चीवर कडक उन्हात ठेवला. ती माझी चूक. जे सुटण्यासारखं होतं तेही त्या उन्हात बसलं.

त्यानंतर कुणाकुणाच्या दारात गेले ते तुम्हाला सांगितलंच आहे. एका मोठ्या शहरातल्या नामांकित संग्राहकांनी बोटाला थुंकी लावून पानाचा कोपरा उचकटला, अर्धं तिकीट सालपटासारखं निघालं, आणि ते म्हणाले, डिंक गेला की किंमत गेली, रद्दीत घाला. मी किंमत विचारलीच नव्हती. मी विचारलं होतं, सुटेल का. दुसऱ्या एकांनी नाणी "साफ करून देतो" म्हणून डबा ठेवून घेतला. महिन्यानं परत दिला तेव्हा बाबांची शिवराई नव्या पितळी भांड्यासारखी चकचकत होती. एका बाजूचं "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूचं "छत्रपति" ही अक्षरं बाबा मला बोट फिरवून वाचायला लावायचे. आता बोटाला काही लागत नाही. तांब्यावर दोनशे-तीनशे वर्षांनी चढलेला काळसर थर त्यांनी कसल्याशा रसायनात घालून, घासून काढला, आणि वर त्याचे पैसेही घेतले. त्या दोघांचं नाव घेत नाही, पण राग गेलेला नाही. माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायला काय जात होतं?

म्हणून ओळखीतल्या ओळखीतून तुमचं नाव कळलं तेव्हा मी आशा धरून आले नव्हते. येते आणि जाते, एवढंच ठरवलं होतं.

तुम्ही पांढरं धोतर दुहेरी करून टेबलावर पसरलंत. वीट त्यावर ठेवलीत. चारी बाजूंनी भिंगातून पाहिलीत, पण उघडली नाहीत. बोटसुद्धा लावलं नाही. मग विचारलंत, "वडिलांनी खाली काही लिहिलंय का?"

मी म्हटलं, हो, प्रत्येकाच्या खाली.

"शाईनं का पेन्सिलीनं?"

पेन्सिलीनं.

तुम्ही भिंग खाली ठेवलंत. "मग आधी अक्षर सोडवू, पोरी. तिकिटं छापलेली असतात, एकासारखी हजार असतात, कुठं ना कुठं दुसरं मिळेल. हे अक्षर आणायचं कुठून?"

काका, सहा वर्षांत मला हे कुणी म्हणालं नव्हतं. मी स्वतःलाही म्हटलं नव्हतं. मीसुद्धा तिकिटं तिकिटं करत फिरत होते. त्या विटेत नेमकं काय अडकलंय म्हणून माझा जीव जातोय, हे तुम्ही एका मिनिटात, मला न विचारता, ओळखलंत.

पुढच्या पाच खेपांत तुम्ही काय काय केलंत ते सगळं लिहीत बसत नाही, तुम्हालाही आवडणार नाही. ओलाव्याच्या डब्यात पानं किती वेळ ठेवायची, कुठल्या तिकिटाचा रंग पाण्यात जातो, ते ज्यांना शिकायचंय त्यांनी तुमच्याकडे येऊन शिकावं. मला आठवतो तो टीपकागद. प्रत्येक चिठ्ठी सुटली की तुम्ही ती टीपकागदावर ठेवायचात आणि तिच्या वर तिच्या तिकिटाची जागा मोकळी सोडायचात. आणि चिठ्ठी ठेवण्याआधी मोठ्यानं वाचायचात. तुमचा आवाज, शब्द बाबांचे.

"शिवाजी महाराज, १९६१. इरोडच्या पाकिटावरून."

"विष्णु दिगंबर, १९७३. मिरजेत शिकले."

"सावित्रीबाई, १९९८. नायगाव. आईला दाखवलं."

"कर्मवीर अण्णा, १९८८. यांच्या शाळेत शिकलो."

ही शेवटची वाचून तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "मी पण." मग दोघांनीही थोडा वेळ काम केलं नाही.

गांधीजींचं पान तुम्ही सगळ्यांत शेवटी घेतलंत. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेली चार तिकिटं, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली, नागरीत आणि उर्दूत "बापू" लिहिलेली. दीड आण्याचं आणि साडेतीन आण्याचं बाबांकडे होतं, आजोबांच्या पत्रांवरचं. बारा आण्याच्या जागी नुसती चिठ्ठी निघाली: "शोधतो आहे." दहा रुपयांच्या जागी: "आपल्या आवाक्याबाहेर. जागा असू दे." तुमच्या कपाटात बारा आण्याचं जादा आहे हे मला काकूंनी नंतर सांगितलं. तुम्ही ते आणून त्या जागी लावलं नाहीत. त्याबद्दल मी तुमची जितकी ऋणी आहे तितकी ते तिकीट दिलं असतंत तरी झाले नसते. बाबा शोधत होते. ते शोधत होते हे त्या पानावर राहायला हवं होतं.

आणि मग ती चिठ्ठी. तुम्ही वाचायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. भिंग माझ्याकडे सरकवलंत, "चहाचं बघतो" म्हणून उठलात आणि आत गेलात. चहा काकूंनी पाच मिनिटांपूर्वीच आणून ठेवला होता.

"हे चिमीनं पाकिटावरून सोडवलं. वय ६. एक दात कापला गेला. असंच ठेवावं."

चिमी म्हणजे मी. मला ते तिकीट आठवत नव्हतं, पण कात्री आठवत होती. तिकिटाचे कडेचे दात कापले जाऊ नयेत म्हणून बाबा कागद राखून कापायचे, आणि मी कडेनं कापलं होतं. मला वाटायचं त्यांनी ते टाकून दिलं असणार. दात गेलेलं तिकीट कुणी ठेवत नाही. ते त्यांनी ठेवलं होतं, चिठ्ठी लिहून, चांगल्या तिकिटांच्या रांगेत.

तुम्ही अर्धा तास बाहेर आला नाहीत. आतून कपबश्यांचा आवाज मुद्दाम येत राहिला, म्हणजे मी एकटी नाही हे मला कळावं. तुमच्या माजघरातला तो अर्धा तास मी कधीच विसरणार नाही. माणूस काय करतो यावरून तो ओळखता येतोच, पण कुठून वेळेवर उठून जातो यावरूनही ओळखता येतो. हे तुम्हाला कुणी शिकवलं असेल? रेल्वेच्या टपाल डब्यात रात्र रात्र उभं राहून दुसऱ्यांची पत्रं गावागावांच्या खणांत टाकण्यात तुमची उमेद गेली. ती पत्रं बंद असायची. आतलं आपलं नाही, आपल्याला ते फक्त नीट पोचवायचंय, ही सवय कदाचित तिथलीच असेल. अशी माणसं अजून आहेत. पुराच्या पाण्यात आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बोटीपर्यंत नेणारी पोरं अशीच होती. पुढं ती कधी दारात येऊन उभी राहिली नाहीत, ओळखही दाखवत नाहीत. माझी सहा वर्षं फक्त इतरांकडे बघण्यात गेली, त्यामुळे मला विसर पडला होता.

शिवराईचंही लिहायला हवं. ती मी लाजत लाजत पुढं केली. तुम्ही घासणाऱ्याला नावं ठेवली नाहीत, मला दोष दिला नाहीत. मूठ मिटून ती क्षणभर तशीच धरलीत, आणि म्हणालात, "आता हिला हात लावायचा नाही. कोरड्या कागदात गुंडाळून ठेव, काळी पडायला लागेल हळूहळू. तुझ्या नातवंडांना पुन्हा जुनी वाटेल." वर तिची चिठ्ठी तुम्ही तिच्यासोबतच ठेवायला लावलीत. चिठ्ठीत बाबांनी नाण्यावरची अक्षरं जशीच्या तशी, ओळी तोडून, काढून ठेवली आहेत. नाण्यावरून गेली, कागदावर आहेत.

पानं भिजेपर्यंत तुम्ही जे सांगायचात तेही मी आल्या आल्या वहीत उतरवून ठेवलंय. सगळ्यांत जास्त मला ते फ्रिअर साहेबाचं आवडलं. आशियातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, १८५२ चं सिंध डाक, ज्यानं काढलं तो बार्टल फ्रिअर त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होता, आणि १८४८ साली तिथले छत्रपती गेल्यावर दत्तक वारस मान्य करा असं त्यानं वर लिहिलं होतं. ऐकलं नाही कुणी, राज्य खालसा झालं. आणि सिंधमध्ये त्यानं काढलेलं लाल तिकीट लाखेसारखं ठिसूळ होतं, हाताळताना तुकडे पडायचे, म्हणून आज ते इतकं दुर्मीळ. हे सांगताना तुम्ही चिमट्यानं बाबांचं एक पान उचलत होतात आणि तुमचा हात जराही हलत नव्हता.

पैशांचं पाकीट मी दिवाणावर ठेवून आले होते, ते तुम्ही टपालानं परत पाठवलंत. पाकिटावर पाच वेगवेगळी तिकिटं लावून, त्यात एक आमच्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचं, २००२ चं, चार रुपयांचं. शिक्का हलका आणि कोपऱ्यावर पडलाय. सांगून मारून घेतलेला दिसतोय. ते पाकीट मी कापणार नाही. अख्खंच ठेवणार आहे, आणि त्याच्याखाली मी पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली आहे. माझं अक्षर बाबांसारखं नाही, पण चिठ्ठी त्यांच्याच मापाची कापली.

अल्बम आता गावभागात नाही. तो विश्रामबागला भावाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर आहे. भिंतीवरची रेघ आणि फळी मात्र तशीच ठेवलीय.

काकूंना हळद पाठवते आहे, यंदाची, आमच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून दळून घेतलेली. ही परत पाठवू नका. आणि शेवटच्या खेपेला तुमचे टीपकागद संपले होते, जुन्या वहीची पानं वापरलीत, ते मी पाहिलं होतं. गणपती पेठेतल्या एका जुन्या स्टेशनरीवाल्याकडे जाडसर मिळाले, दोन दस्ते घेऊन ठेवलेत. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी येते. नाण्यांच्या डब्यातलं कमळाच्या वीस पैशांचं पुडकं अजून उघडायचं राहिलंय.

तुमची,
चिमी