आजी कशाला घाबरली होती

आइंडहोवन, नेदरलँड्स, ऑक्टोबर २०२५

चि. मल्हार यास अनेक आशीर्वाद.

परवा मंडळाच्या फराळाला त्या नवीन आलेल्या मुलीनं मला विचारलं, "काकू, मल्हार घरीच झाला, खरंच एकही इंजेक्शन न घेता?" आणि बाकीच्या बायका "ग्रेटच बाई तू" म्हणाल्या, तेव्हा तू चकल्यांची ताटली घेऊन मागेच उभा होतास. नंतर गाडीत विचारलंस, "आई, तू शूर होतीस की हट्टी?" मी तेव्हा टाळलं, कारण बाबा गाडी चालवत होते आणि त्यांनी लगेच आपली आवृत्ती सुरू केली असती. म्हणून हे पत्र. मराठीत आहे, सावकाश वाच. काही ठिकाणी तुझे कान लाल होतील, त्या ओळी गाळल्यास तरी चालेल.

आधी एक दुरुस्ती. एक इंजेक्शन मी घेतलं होतं. ते कुणी मोजतच नाही.

आणि घरी बाळंत व्हायचं असं काही मी मनाशी ठरवून या देशात आले नव्हते. दिवस राहिले तसं मी आपल्या घरच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी अभिनंदन केलं आणि मिडवाइफचा, म्हणजे शिकलेल्या सुईणीचा, पत्ता दिला. इथली रीतच ती. सगळं सुरळीत असेल तर नऊ महिने मिडवाइफच बघते, गायनॅकॉलॉजिस्टचं तोंड दिसतं ते काही बिनसलं तर. चार वर्षं फक्त याच कामाचं शिक्षण घेतलेल्या या बायका. बीपी बघायचं, पोट चाचपायचं, तुझे ठोके ऐकायचे आणि मग पाय पसरून गप्पा मारायच्या. त्यांच्याकडे एक छापील यादी होती, कशाकशात केस त्यांच्या हातून हॉस्पिटलकडे जाते त्याची: पायाळू मूल, जुळी, वाढलेला रक्तदाब, आधीचं सिझेरियन, सदतीस आठवड्यांच्या आत कळा, पाण्यात बाळाची शी. त्यांच्या गोड बोलण्यापेक्षा मला त्या यादीनंच जास्त धीर दिला. आपलं काम कुठे संपतं हे त्यांना पाठ होतं.

ताई पुण्यात झाली, २००५ साली, एका नर्सिंग होममध्ये. मी उताणी, पाय वर अडकवलेले, हातात सलाईन, त्यातून कळा वाढवायचं औषध. त्या कळांना मध्ये जागाच नव्हती, एक उतरेपर्यंत दुसरी चढायची. मग कमरेत एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं इंजेक्शन, दिलं आणि ते मला तेव्हा वरदान वाटलं, आजही वाटतं. शेवटी व्हॅक्यूम लावून ओढून काढली, टाके. बाबा बाहेर बाकावर. ताई ठणठणीत होती आणि त्या एपिड्युरलबद्दल माझी काडीची तक्रार नाही. राग येतो तो "ओ मॅडम, ओरडू नका, बाहेर पेशंट बसलेत" याचा, आणि माझ्या अंगाशी काय चाललंय ते कुणी मला सांगत नव्हतं त्याचा.

आता आजी. मी फोनवर "घरी" म्हटल्यावर ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आम्ही त्यातनं सुटलो, आणि तुम्ही विमानात बसून तिकडं जाऊन परत तेच करताय?"

तुला मिरजेचे मामा माहीत आहेत. त्यांची आई म्हणजे आजीची थोरली बहीण. तेव्हा आजी परकर नेसायच्या वयाची होती. घरात, सुईणीच्या हातून मामा जन्मले, रडले, सगळे हसले. पण वार (प्लॅसेंटा) पडली नाही आणि रक्त थांबेना. बैलगाडीतून तालुक्याला नेता नेता ती वाटेतच गेली. हे मला आजीनं कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या लग्नात नाही, ताईच्या वेळीही नाही. त्या फोनवर सांगितलं. आजी कळांना घाबरत नव्हती. "कळा येत्यात नि जात्यात," म्हणायची. ती वारेला घाबरत होती.

बाबा नेहमीप्रमाणे कागद घेऊन आले. २००९ सालीच इथला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता: कमी जोखमीची ५,२९,६८८ बाळंतपणं, काही घरी ठरवलेली, काही हॉस्पिटलात, आणि बाळ दगावण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अट अशी की मिडवाइफ चांगल्या शिकलेल्या हव्यात आणि वेळ पडली तर हॉस्पिटल गाठता यायला हवं. आजी म्हणाली, "पाच लाखांत माझी लेक एकच हाय." यावर बाबांकडे कागद नव्हता. (तू काही महिन्यांचा असताना, नोव्हेंबर २०१० मध्ये, उट्रेख्तकडचा दुसरा अभ्यास आला, मिडवाइफकडे सुरू झालेल्या बाळंतपणांबद्दल नेमका उलटा काटा दाखवणारा, आणि इथल्या वर्तमानपत्रांत जुंपली. तो आधी हातात पडला असता तर मी काय ठरवलं असतं ते मला आजही सांगता येत नाही.)

तिकीट काढून आजी आली, ती मला अडवायलाच. मिडवाइफ घर बघायला आली तेव्हा आजी समोर बसली, पदर खोचून, आणि मला म्हणाली, "तिला विचार, वार पडली नाही तर?" मी विचारलं. वाटलं, बाई आता हसून "काळजी नको" म्हणेल. तिनं बॅग उघडली. गर्भाशय आवळून धरायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, लघवीची नळी (कारण भरलेलं मूत्राशय वारेला अडवतं), सलाईन, ऑक्सिजन. एकेक वस्तू टेबलावर ठेवून ती आजीकडे बघूनच सांगत होती, मी आपली मधली दुभाषी. किती वेळ वाट बघणार, किती रक्त गेल्यावर ॲम्ब्युलन्स बोलावणार, सगळं. आजीनं इंजेक्शनची कुपी उचलून उजेडात धरून पाहिली. मग उठून चहा टाकला.

आपला जिना इतका उभा आणि अरुंद होता की तिथून स्ट्रेचर उतरलं नसतं, म्हणून पलंग खाली बैठकीत आणायला सांगितलं. तोही ठोकळ्यांवर चढवून, जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर, कारण वाकून वाकून नर्सची कंबर जायला नको. नर्सच्या कमरेचा विचार करणारा देश! रस्त्याकडच्या त्या भल्यामोठ्या काचेला पडदे नव्हते, तिथे आजीची लुगडी लागली.

मार्चमधली रात्र होती. दुखलं का? दुखलं. कमरेत सुरू होऊन कळ पुढे यायची, पोटाला पिळा घालायची, मिनिटभर राहायची आणि जायची. जायची, हे महत्त्वाचं. दोन कळांच्या मधल्या वेळात मी आजीच्या हातचा चहा प्यायले, एकदा तर डुलकी काढली. मिडवाइफ जमिनीवर बसून तिची वही लिहीत होती. दर थोड्या वेळानं यंत्र लावून तुझे ठोके ऐकायची, तेही मी ज्या अवस्थेत असेन तिथेच, ओणवी तर ओणवी. मला कुणी झोपवलं नाही. शेवटी शेवटी मी सोफ्याला धरून गुडघ्यांवर होते. आजी पुटपुटली, आमच्या आया अशाच खांबाला धरून बसायच्या.

मग एक वेळ आली की मला पुढचं काही दिसेना. अंग थरथरायला लागलं, उलटी झाली आणि माझ्या तोंडून अस्सल कोल्हापुरी शिव्या सुरू झाल्या. मिडवाइफला वाटलं मी देवाचं नाव घेतेय. तिनं आदरानं आवाज खाली आणला. आजीनं कपाळाला हात लावला.

एपिड्युरल घरी देत नाहीत, त्याला हॉस्पिटलात जावं लागतं. तो रस्ता शेवटपर्यंत मोकळा होता. मी त्यावरून गेले नाही, कारण तू दुसरा होतास, वाट तयार होती, आणि सरळ, हनुवटी छातीला लावून आलास. तू तोंड वर करून अडून राहिला असतास तर मी स्वतःच गाडीत जाऊन बसले असते. तेव्हा शूर की हट्टी, यातलं माझ्या वाट्याला फार काही येत नाही. माझ्याइतकंच, कदाचित जास्तच सोसून ऑपरेशन टेबलवर गेलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत, त्यांना कुणी फराळाला ग्रेट म्हणत नाही.

डोकं यायला लागलं तेव्हा आग झाली. मिडवाइफनं सांगितलं, जोर लावू नकोस, नुसती धापा टाक. मी कुत्र्यासारखी धापा टाकत राहिले आणि तू हळूहळू आलास. एकही टाका पडला नाही. तुला माझ्या छातीवर ठेवलं, बाबा रडत होते, ताई शेजारच्यांकडे झोपलेली होती. आणि आजी तुझ्याकडे बघत नव्हती.

तिची नजर मिडवाइफच्या हातांवर होती. मांडीत ते इंजेक्शन गेलं. मला विचारलं होतं, मी लगेच हो म्हटलं होतं. थोड्या वेळानं आणखी एक कळ आली आणि वार पडली. मिडवाइफनं ती स्वच्छ ट्रेमध्ये पसरली, कडा जुळवून बघितल्या आणि तुकडा आत राहिलेला नाही ना, ते आजीला बोलावून बोटानं दाखवलं. भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती. आजीनं सगळं बघितलं, मान हलवली, आणि मग तिचे पाय गेले. बाबांनी खुर्ची सरकवली. तुला मांडीवर घेतलं ते त्यानंतर.

पुढचे दिवस धमाल. आरोग्य विम्यातून मिळणारी बाळंतिणीची नर्स रोज घरी यायची. ती खिडकी उघडायची, आजी बंद करायची. तिनं तुझ्या पाळण्यात गरम पाण्याच्या दोन पत्र्याच्या बाटल्या ठेवल्या तेव्हा मात्र आजीला शेगडीची बहीण भेटली. आजीनं तिला डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा खिलवल्या, तिनं आजीला टोस्टवर लोण्यात चिकटवलेली ती साखरेची बडीशेप.

एक पेच तेवढा खरा झाला. इथे तीन दिवसांत पालिकेत नाव नोंदवावं लागतं, आणि आजी म्हणे बाराव्या दिवसाआधी नाव उच्चारायचं नाही. बाबा एकटेच जाऊन नाव नोंदवून आले आणि दाखला कपाटात कुलपात ठेवला. बारशापर्यंत तू नर्सच्या भाषेत "मेनेके", म्हणजे छोटा माणूस, होतास. आत्यानं कुर्रर्र केलं ते स्काइपवरून.

सोमवारी आजीचा फोन येईल. राहिलेलं तिला विचार. ती तुला शिव्यांसकट सांगेल, त्या मी इथे लिहिणार नाही.

तुझी,
आई