तो ग्रंथपाल नव्हे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं एकोणिसाव्या शतकातलं चित्र पाहिलं. चित्र देखणं आहे, वाद नाही. खालची ओळ वाचली आणि चहा तसाच राहिला: 'जुन्या काळातील ग्रंथपाल. पेन्सिल रेखाटन.'

अहो, गिऱ्हाईक बटव्यात हात घालून समोर उभं आहे. हा गृहस्थ गठ्ठ्याला सुतळी आवळतोय, गाठ सुटू नये म्हणून अंगठा दाबून धरलाय. हा तर पुस्तकविक्रेता! ग्रंथपाल कधीपासून पुस्तकं बांधून द्यायला लागले? सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून ज्या संस्थानात गावोगाव वाचनालयं काढली, तिथल्या वर्तमानपत्राला एवढाही फरक कळू नये?

आणि पेन्सिल कसली? लाकडावरचं कोरीवकाम आहे ते. भिंग लावा, सावली वाटते ती नुसती रेघांची दाटी आहे. बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या कापावर कोरायचं, न कोरलेला भाग शाई घेणार. ठोकळा छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांच्याच उंचीचा, म्हणून मजकुराबरोबर एका दाबात छापून निघे. एवढं डोळे फोडून काम करणाऱ्याची सही खालच्या कोपऱ्यात होती. तो कोपरा तुम्ही जागेसाठी कापलात. दीड अक्षर उरलंय, आभारी आहे.

मला एवढं झोंबायला कारण आहे. माझे वडील रावपुऱ्यात चाळीस वर्षं जुनी पुस्तकं विकत. ते गेले तेव्हा एका दैनिकात (तुमच्या नव्हे, निश्चिंत असा) शब्दागणिक पैसे मोजून निधनवार्ता दिली. लिहून दिलं होतं 'पुस्तकविक्रेते', छापून आलं 'ग्रंथपाल'. तिथल्या कुणाला तरी ते जास्त बरं दिसलं असावं! तेराव्याला निम्मी मंडळी विचारत होती, "अण्णा लायब्ररीत कधी होते हो?" आई काही बोलली नाही, आत जाऊन बसली. दुरुस्ती छापायला त्यांनी पुन्हा पैसे मागितले. आम्ही दिले नाहीत.

तेव्हा आपली दुरुस्ती आपण फुकटात छापावी, आणि चित्र पुन्हा द्याल तर कोपऱ्यासकट द्यावं.

जाता जाता: शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर रविवारी देतो म्हणता आणि देता आधीच्याच आठवड्याचं. तेही जरा बघा.

एक वाचक, रावपुरा, बडोदे